कुडाच्या भिंती, वाइनचा सॉस

जुन्या जपानी घरातलं फ्रेंच जेवण म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेला फोटो येतो. काळ्याभोर तुळया, कागदी सरकदारं, मंद दिवा आणि ताटलीत सॉसचे तीन ठिपके. फोटो सुंदर असतो, पण त्यात आतली भांडणं दिसत नाहीत. शंभर-दीडशे वर्षांचं लाकूडमातीचं घर आणि फ्रेंच स्वयंपाकघर यांचं मुळात पटत नाही. घराला वारा हवा असतो, स्वयंपाकघराला आच. घर जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या नजरेने मापून बांधलेलं असतं, तर हे जेवण टेबलखुर्चीशिवाय सुरूच होत नाही. दोघांना एकत्र नांदवायचं तर कुणीतरी माघार घ्यायला हवी. माझ्या मते चांगल्या ठिकाणाची खूण एकच: ती माघार स्वयंपाकघराने घेतलेली असते. घर जिथे नकार देतं, तिथे पदार्थ बदललेला दिसतो.

बोलण्यासाठी एक गाव घेऊ. ह्योगो प्रांतातलं तांबा-सासायामा. ओसाकाहून जेआर या रेल्वे कंपनीच्या फुकुचियामा मार्गावरच्या जलद गाडीने साधारण तासाभरात सासायामागुची स्टेशन येतं, तिथून पुढे बस. १६०९ साली तोकुगावा इएयासूच्या हुकमावरून इथे किल्ला बांधला गेला आणि त्याच्या भोवती गाव वसलं. किल्ल्यापासून थोडं चाललं की कावारामाची ही व्यापाऱ्यांची जुनी गल्ली लागते. घरांची तोंडं अरुंद, छपराची त्रिकोणी बाजू रस्त्याकडे आणि मागे परसापर्यंत लांबच लांब गेलेली जागा. २००४ साली हा भाग जुन्या इमारतसमूहांच्या राष्ट्रीय संरक्षित यादीत गेला.

गावाचं नाव २०१९ च्या मेपर्यंत नुसतं सासायामा होतं. शेजारी २००४ मध्ये तांबा नावाचं वेगळं शहर झालं आणि 'तांबाचे काळे सोयाबीन' म्हणजे नेमके कुठले, असा घोळ सुरू झाला. २०१८ मध्ये लोकांचं मत घेऊन नावाला तांबा जोडलं. पिकाच्या नावासाठी गावाने पाट्या बदलाव्यात, यावरून त्या शेंगांचं इथलं वजन कळतं. चारी बाजूंना डोंगर आणि मधे सपाट खोरं आहे. शरदात दिवस उबदार, रात्री गार आणि सकाळी दाट धुकं. दिवसरात्रीच्या तापमानातला हा फरक सोयाबीन आणि चेस्टनट दोघांनाही मानवतो. डोंगरात रानडुक्कर आणि हरणं आहेत, शेतात काळ्या सालीचा गोल, चिकट कंद आहे, आणि जवळच ताचिकुई इथे जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एका परंपरेचे कुंभार. तिथली सगळ्यात जुनी चढती भट्टी १८९५ सालची, ४७ मीटर लांब. म्हणजे ताटलीत काय वाढायचं आणि ताटली कुठून आणायची, दोन्ही प्रश्न एका खोऱ्यात सुटतात.

उरतो घराचा प्रश्न. जपानमध्ये २०२३ च्या गणनेत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. सासायामाजवळच्या मारुयामा वस्तीत बारापैकी सात घरं बंद होती. २००९ साली त्यांतली काही दुरुस्त करून मुक्कामासाठी उघडली आणि एका जुन्या कोठारात फ्रेंच जेवणघर सुरू झालं. पुढे २०१५ मध्ये गावातच, वेगवेगळ्या गल्ल्यांत विखुरलेल्या जुन्या घरांचं मिळून निप्पोनिया नावाचं एक हॉटेल उभं राहिलं. खोल्या इकडे, जेवण तिकडे, मधला रस्ता गावाचा. त्या वेळच्या कायद्याला प्रत्येक इमारतीत स्वागतकक्ष लागायचा, म्हणून विशेष विभागाची सवलत घ्यावी लागली. दुसरा अडसर इमारत कायद्याचा. ही घरं १९५० च्या कायद्याच्या आधीची आहेत आणि त्याच्या नियमांत बसत नाहीत, कारण त्यांच्या खांबांना पायाच नाही. जुनं घर तसंच ठेवता येतं, पण त्याचा वापर बदलला की कागद सुरू होतात. २०१९ मध्ये वापरबदलाच्या मंजुरीची मर्यादा १०० चौरस मीटरवरून २०० वर गेली आणि लहान घरांची जेवणघरं होणं खूप सोपं झालं. मंजुरी लागत नाही म्हणजे नियम लागत नाहीत असं मात्र नाही. आगीचे आणि आरोग्याचे नियम पूर्ण लागू असतात.

फ्रेंचच का, असा प्रश्न कुणीही विचारेल. जपानी घरात जपानी जेवण का नको? एक उत्तर रोखठोक आहे. घर दुरुस्त करायला लागणारा पैसा स्वस्तातल्या नूडल्सवर वसूल होत नाही. त्याला तीन तास बसणारं, सोबत वाइन घेणारं आणि आधी जागा राखून येणारं गिऱ्हाईक लागतं. दुसरं उत्तर जुनं आहे. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने काही जनावरांचं मांस वर्ज्य केलं. त्यानंतर मांसावरची बंधनं निरनिराळ्या रूपांत शतकानुशतकं टिकली, आणि डोंगरी भागात रानडुकराला 'डोंगरातला देवमासा' म्हणत लोक खातच राहिले. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने उघडपणे गोमांस खाल्लं आणि दरबारी मेजवान्या फ्रेंच पद्धतीच्या झाल्या. त्या आजही तशाच आहेत. म्हणजे जपानमध्ये मांसाचं औपचारिक जेवण जवळपास सुरुवातीपासूनच फ्रेंच भाषेत लिहिलं गेलं. देवाणघेवाण एका बाजूची नव्हती. १९७२ साली नामवंत फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज ओसाकाच्या त्सुजी पाकशाळेत शिकवायला आले. त्यानंतरच्या काळात फ्रेंच ताटल्यांतली मोकळी जागा, छोटे छोटे कोर्स आणि हलके सॉस यांत कायसेकीचा, म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ वाढण्याच्या जपानी औपचारिक जेवणाचा, हात स्पष्ट दिसतो. युनेस्कोच्या यादीत फ्रेंच भोजन २०१० साली आलं, जपानी वाशोकू २०१३ साली. दोन्ही वेळा मान एखाद्या पदार्थाला मिळाला नाही. मिळाला तो जेवणाच्या रीतीला: क्रमाला, ऋतूला, एकत्र बसण्याला.

आता घराकडे वळू, कारण सगळं तिथून ठरतं. अशा घराचे खांब दगडावर नुसते उभे असतात. भिंती कुडाच्या. चिरलेल्या बांबूची जाळी भाताच्या पेंढ्याच्या दोरीने बांधायची, तिच्यावर चिकणमाती आणि चिरलेला पेंढा मिसळून थापायचा. ही माती आधी पाणी घालून काही महिने मुरवलेली असते. पेंढा कुजून त्याचा चिकटपणा मातीत उतरला की ती भेगाळत नाही. घाई करून ताज्या मातीने थापलेली भिंत पहिल्या उन्हाळ्यात जाळीपासून सुटते. वर मधला थर, आणि शेवटी चुन्याचा गिलावा. त्यात विरवलेला चुना, समुद्रशेवाळाचा डिंक आणि तागासारखे धागे. डिंकामुळे पाणी हळू सुकतं, धाग्यांमुळे केसभेगा आवरतात.

दुरुस्तीतली पहिली चूक इथेच होते. १९६०-७० च्या काळात बहुतेक घरांत मातीच्या भिंतींवर प्लायवुड, खाली प्लास्टिकचं आच्छादन आणि वर खोटं छत बसवलं गेलं. ते काढायचं हे सगळ्यांना कळतं. पण काढल्यावर दिसलेल्या भेगांत सिमेंट भरलं जातं. घर हलतं, सिमेंट हलत नाही; भेग बाजूला सरकते. शिवाय माती ओल घेते आणि सोडते, सिमेंटचा आणि प्लास्टिक रंगाचा थर ती आतच कोंडतो, मग बांबू कुजतो. पुण्या-नाशकातल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून पोपडे मोजत बसणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

दुसरं काम खांबांच्या बुडाचं. जमिनीलगतचा हात-दोन हात भाग वाळवीने किंवा ओलीने पोखरलेला असतो. जॅक लावून घर थोडं उचलायचं, कुजलेला भाग कापायचा आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा खाचेत खाच अडकवून, मधे कठीण लाकडाची पाचर ठोकून जोडायचा. चेस्टनटचं लाकूड ओलीला टिकतं, म्हणून जमिनीजवळ ते वापरतात. चांगल्या सुताराचा सांधा रंग न लावता उघडा ठेवलेला असतो. नवं लाकूड फिकट, जुनं काळं. जेवणघरात शिरताना खांबांच्या पायांकडे बघावं. तिथे फिकट पट्टे दिसले तर काम प्रामाणिक आहे. सगळंच एकसारखं काळं दिसलं तर रंगारी येऊन गेलाय.

हे दगडावर उभं असलेलं लाकूड भूकंपात डोलतं, सांधे करकरतात आणि धक्का तिथे जिरतो. भीतीपोटी एकच कोपरा काँक्रीटला बोल्टने आवळला की सगळं बळ त्या कोपऱ्यावर येतं. मजबुती द्यायची तर ती घरभर सारखी वाटून द्यावी लागते, आणि त्याचं गणित करणारा अभियंता शोधणं हेच या कामातलं सगळ्यात वेळखाऊ प्रकरण असतं.

स्वयंपाकघर कुठे करायचं याचं उत्तर घराने आधीच दिलेलं असतं. दोमा, म्हणजे दारातून मागपर्यंत गेलेली चोपलेल्या मातीची जागा. माती, चुना आणि मिठागरातलं खारं पाणी एकत्र करून धोपटलेली ही जमीन पूर्वी चुलीसाठीच होती आणि तिच्यावर छतापर्यंत मोकळी पोकळी असते, धूर जायला. जड ओव्हन आणि फ्रीज इथेच ठेवावे लागतात, कारण बाकीच्या फळीच्या जमिनी ते वजन पेलत नाहीत. पण आरोग्य खात्याला धुता येणारी फरशी, गटार, वेगळं हात धुण्याचं बेसिन आणि सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी लागते, म्हणून मातीची जमीन झाकली जाते. समजूतदार ठिकाणी दोमाचा पुढचा भाग, जिथे पाहुणे चपला काढतात, तो मातीचाच ठेवतात आणि मागचा धुण्याजोगा करतात.

विजेचं तर वेगळंच. घरगुती जोडणी १०० व्होल्टची. वाफेच्या मोठ्या ओव्हनला थ्री-फेज २०० व्होल्ट लागतं, त्यासाठी रस्त्यावरून निराळी तार ओढावी लागते. संरक्षित गल्लीत ती तार आणि मीटर कुठे दिसेल यावर बैठका होतात.

मोठा घोळ हवेचा. फ्रेंच स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा घरातली हवा जोराने बाहेर ओढतो. बंद इमारतीत तेवढी हवा दुसऱ्या यंत्राने आत आणतात. इथे कुणी तो खर्च टाळला तर पंखा ती हवा कागदी दारांच्या फटींतून घेतो. जानेवारीत पाहुण्यांच्या घोट्यांना बर्फाचा वारा लागतो, सरकदारं चौकटीला चिकटतात, आणि वरच्या तुळयांवरची शंभर वर्षांची काजळी भुरभुरत खाली येते. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेइतकीच हवा स्वयंपाकघरातच, पंख्याजवळ सोडावी लागते. काजळी आधी कोरड्या ब्रशने, मग कोमट पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतात. ती पूर्ण काढायची नसते. घट्ट बसलेला थर किड्यांपासून लाकूड राखतो आणि त्याचा रंग विकत मिळत नाही. वार्निश मारलं तर तो काळा थर टीव्हीच्या कॅबिनेटसारखा चमकायला लागतो.

या सगळ्याचा ताटलीवर थेट परिणाम होतो. धूर आवरायचा म्हणून तव्यावर लोणी करपेपर्यंत मांस भाजण्याऐवजी पांढऱ्या जपानी कोळशावर भाजतात. त्याचा धूर नगण्य. रात्रभर मंद गॅसवर हाडांचा स्टॉक उकळत ठेवणं, ही फ्रेंच स्वयंपाकाची जुनी सवय, लाकडी घरात शक्य नाही. माणूस नसताना आग नाही. मग हाडं २०० अंशांवर चाळीसेक मिनिटं भाजून दिवसा सहा-आठ तासांत स्टॉक उरकायचा, किंवा वाफेच्या ओव्हनमध्ये ९५ अंशांच्या आसपास ठेवायचा. किंवा सरळ दाशीकडे, म्हणजे पातळ जपानी रश्शाकडे, वळायचं: लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कोंबू शेवाळ, ६० अंशांवर तासभर. उकळी आली तर बुळबुळीत आणि कडवट होतं. इथे पाण्याची साथ मिळते. जपानचं बहुतेक पाणी मृदू. पॅरिसच्या पाण्याची कठीणता लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या वर, क्योतोत चाळीस-पन्नास. कठीण पाण्यातलं कॅल्शियम मांसातल्या प्रथिनांना धरून फेस वर आणतं, स्टॉक नितळ होतो. मृदू पाण्यात कोंबूची चव सहज उतरते, पण हाडांचा स्टॉक गढूळतो. काही शेफ स्टॉकसाठी बाटलीतलं कठीण पाणी घेतात. मला त्यापेक्षा दोन्ही अर्ध्यावर आणणारे जास्त पटतात: हरणाच्या हाडांचा छोटा स्टॉक आटवायचा आणि तो पाण्याऐवजी कोंबूच्या दाशीने सैल करायचा. सॉस हलका होतो, तोंडात लोण्याचा थर राहत नाही आणि पाच-सहा कोर्सनंतरही माणूस उठून चालू शकतो.

जेवणाच्या खोल्यांतली मापं फसवी असतात. कान्साई भागातली तातामी चटई १९१ गुणिले ९५.५ सेंटीमीटर, आणि सगळी खोली तिच्या हिशेबात. दाराची वरची पट्टी साधारण पावणेदोन मीटरवर, उंच माणसाचं कपाळ तिथे आपटतंच. खाली काच आणि वर कागद असलेल्या दारातून बाग बघायची सोय जमिनीवर बसणाऱ्यासाठी आहे. नेहमीच्या ४३ सेंटीमीटरच्या खुर्चीत बसलं की काच गुडघ्यापाशी राहते आणि समोर नुसता कागद येतो. म्हणून जाणकार ठिकाणी खुर्ची ३७-३८ सेंटीमीटरची आणि टेबल ६४-६५ चं करून घेतात. खुर्चीचे चार पाय चटईत खड्डे पाडतात. त्यांना खाली आडव्या पट्ट्या लावतात. रेड वाइन सांडली तर ओल्या फडक्याने घासायचं नाही, डाग विणीत उतरतो. आधी कोरड्या कापडाने टिपायचं, मग पीठ टाकून उरलेलं शोषू द्यायचं आणि विणीच्या दिशेने ब्रश करायचा. काही वर्षांनी वरचं विणकाम उलटून बसवता येतं, एकदाच.

जिना म्हणजे शिडीच. वाढणारी माणसं मोज्यांत, हातात गरम ताटल्या. दोमातून निघालेलं ताट माडीवरच्या कोपऱ्यात पोचायला मिनिट-दीड मिनिट लागतं, म्हणून ताटल्या ६० अंशांवर तापवून ठेवतात आणि सॉस टेबलापाशी ओततात. हे नाटक वाटतं, पण ती गरज असते. सुफ्ले, म्हणजे अंड्याच्या फेसाने फुगवलेला पदार्थ, मात्र अशा घरात मागू नये. ओव्हनमधून निघाल्यावर तो दोन-तीन मिनिटांतच बसायला लागतो, आणि त्यातली निम्मी जिन्यात जातात. मेनूत सुफ्ले दिसला तर मी तरी त्या शेफने आपलं घर अजून ओळखलं नाही असंच समजेन.

पुढची गोष्ट उजेडाची. अंधाऱ्या खोलीत पांढरी पोर्सिलेनची ताटली दिव्यासारखी उजळते आणि घर विझवून टाकते. तांबाच्या भट्टीतली राखेची झिलई असलेली तपकिरी ताटली खोलीत मिसळते, पण तिच्यावर वाइनचा गडद सॉस अदृश्य होतो. मग गडद भांड्यात फिकट पदार्थ, आणि हरणाच्या सॉससाठी फिकट राखाडी झिलई. जुन्या कोठाराचा वाइनसाठी वापर हाही असाच अर्धवट खरा रोमान्स. जाड मातीच्या भिंतींमुळे तिथे तापमान स्थिर राहतं, थंड नाही. खोऱ्यात उन्हाळा पस्तिशी ओलांडतो आणि कोठारही हळूहळू तापतं. यंत्र लागतंच, पण कमी चालतं.

आता पिकं. काळ्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाजारात येतात आणि तीनेक आठवड्यांत संपतात. वाळलेले शंभर दाणे साधारण ८० ग्रॅम भरतात, इतका मोठा दाणा. म्हणून नेहमीच्या एदामामेसारखं, म्हणजे उकडून खायच्या कोवळ्या सोयाबीन शेंगांसारखं, चार-पाच मिनिटांत उरकत नाही, चार टक्के मिठाच्या पाण्यात दहाएक मिनिटं लागतात. सुरुवातीच्या शेंगांचं थंड सूप हिरवंगार होतं: अडीचशे ग्रॅम सोललेले दाणे, साडेतीनशे मिलिलिटर कोंबूची दाशी, दोन-तीन चमचे क्रीम. दाण्यावरची पातळ साल काढली नाही तर जिभेला रेतीसारखं लागतं. वाटून लगेच बर्फावर धरायचं, नाहीतर रंग उतरतो. महिन्याच्या शेवटी दाण्यावर जांभळी झाक चढते. चव तेव्हा जास्त भरदार, पण तेच सूप करड्या रंगाचं होतं. तेव्हा सूप सोडून दाणे अख्खेच ठेवतात, हरणाच्या ताटात. वाळलेले काळे दाणे फ्रेंच पद्धतीने मांसासोबत एकाच भांड्यात शिजवले तर सगळंच शाईसारखं होतं. ते वेगळे, रात्रभर भिजवून, सहा-आठ तास मंद आचेवर. भांड्यात लोखंडी खिळा टाकला की काळा रंग पक्का राहतो.

चेस्टनटमध्ये युरोपची पोथी चालत नाही. जपानी जातीची आतली तुरट साल गराला घट्ट चिकटलेली असते, आणि फ्रेंच पाकवलेल्या चेस्टनटसाठी ती सोलताना निम्मा माल तुटतो. शहाणे शेफ साल ठेवूनच खायच्या सोड्यात दोन-तीनदा उकळून तुरटपणा काढतात. त्याआधी शून्य अंशाच्या आसपास तीन-चार आठवडे ठेवलेला असेल तर गोडी खूप वाढते, कारण थंडीत स्टार्चची साखर होते. म्हणजे झाडाखालचा ताजा चेस्टनट सगळ्यात गोड नसतो. नोव्हेंबरातला मोंब्लां, म्हणजे चेस्टनटच्या क्रीमचा गोड पदार्थ, ऑक्टोबरातल्यापेक्षा बरा, असं मी म्हणेन.

उन्हाळ्यात नदीतला आयू मासा. मीठ लावून ८५-९० अंशांच्या तेलात पाच-सहा तास ठेवला की डोक्या-काट्यासकट खाता येतो. तेल शंभराच्या वर गेलं की पोट फुटतं आणि आतड्यांचा कडूपणा, ज्यासाठी हा मासा खायचा, तो तेलात जातो. चिकट कंद किसून माशाच्या खिम्यात साधारण तिसरा हिस्सा मिसळला तर क्रीम आणि अंड्याचा पांढरा भाग न घालताही मूस, म्हणजे माशाचा फेसाळ घोळ, हलका फुगतो. किसताना हात खाजतात. व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले की थांबतं.

आणि हरीण. फ्रान्समध्ये ते आतून गुलाबी, ५५-५८ अंशांवर थांबवतात. जपानी आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे रानातल्या मांसाचा गाभा ७५ अंशांवर एक मिनिट किंवा त्याच्या तोडीचा शिजायला हवा. कारण हेपेटायटिस ई आणि परजीवी. तोडीचा म्हणजे ६३ अंशांवर तीस मिनिटं. इथे कसब आहे. पिशवीत हवाबंद करून ६३-६४ अंशांच्या पाण्यात ठेवायचं, पण घड्याळ गाभा त्या तापमानाला पोचल्यावर सुरू होतं. चार सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याला त्यालाच तासाच्या वर लागतं. ६५ ओलांडलं की मांस यकृतासारखं दाणेदार होतं. शेवटी कोळशावर अर्धा-अर्धा मिनिट, वास येण्यापुरतं. सगळ्यात आधीची चूक मात्र स्वयंपाकघराबाहेर होते. गोळी लागल्यावर रक्त नीट काढलं नाही किंवा आतडी काढून मांस लवकर थंड केलं नाही, तर कुठलीही वाइन तो उग्रपणा झाकत नाही. शिकार करणाऱ्याचं नाव विचारणारा शेफ म्हणूनच विश्वासाचा. रानडुकराचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून. डिसेंबर-जानेवारीत चरबी सगळ्यात जाड, आणि ती डुकराच्या चरबीपेक्षा हलकी लागते. खांदा वाइनमध्ये दिवसभर मुरवून तीन तास मंद आचेवर शिजवला की गाठ सुटते.

शाकाहारी मराठी माणसाला इथे जेवता येतं का? येतं, पण जागा राखतानाच सांगितलं तर. 'व्हेजिटेरियन' एवढाच शब्द पुरत नाही. मासळीची दाशी चालत नाही, हाडांचा स्टॉक आणि जिलेटिन चालत नाही, अंडं-लोणी चालतं की नाही, हे वेगळं लिहावं. सगळा माल त्या दिवसाच्या माणसांपुरता आणलेला असतो, आयत्या वेळी पर्याय निघत नाही आणि ऐनवेळी रद्द केलं तर बरेचदा पूर्ण पैसे द्यावे लागतात. कोंबू आणि सुक्या शिइताके आळंबीची दाशी, सोयाबीन, कंद, चेस्टनट, आळंबी: या खोऱ्यात शाकाहारी ताट उलट जास्त स्थानिक होतं. जैन जेवण मात्र अवघड. सॉसची सुरुवातच कांदा-गाजराने होते आणि निम्मं पीक जमिनीखालचं.

दुपारचं जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त असतं, आणि घर बघायचं असेल तर तेच घ्यावं. सुताराचे सांधे दिव्यात दिसत नाहीत. खालच्या मजल्यावरची, बागेकडची जागा मागावी. माडीवर ताटं थंड होतात आणि जिना वाइननंतर उतरायचा असतो. मोजे जाड आणि न फाटलेले. हिवाळ्यात रात्री जायचं तर शेवटची बस कधी आहे ते आधी बघून ठेवावं, कारण आठ-नऊ कोर्सचं जेवण तीन तासांच्या आत संपत नाही आणि गावात टॅक्सी फोन करून बोलवावी लागते.